मुलाचा दात निखळला, तुटला, हलला: दवाखान्यात पोचण्याआधी काय करायचं

खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळून बाहेर पडला, की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कुणीतरी दात उचलतं, नळाखाली चोळून स्वच्छ करतं, रुमालात गुंडाळतं आणि सगळे दवाखान्याकडे धावतात. धावपळ मनापासूनची असते, पण दात तेवढ्यातच हातचा जातो. मुळावर जिवंत पेशींचा एक पातळ, ओलसर पापुद्रा असतो. दाताला जबड्याच्या हाडाशी पुन्हा जोडून घेणारा हाच. चोळला की तो निघून जातो, रुमालात सुकला की मरतो. कोरड्या राहिलेल्या दाताच्या या पेशी साधारण ६० मिनिटांत कामातून जातात. १५ मिनिटांच्या आत दात जागेवर गेला, तर तो टिकण्याची आशा सगळ्यात जास्त. इंदूरच्या टोकाच्या राऊहून संध्याकाळच्या गर्दीत एमवायपर्यंत, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत, यायचं म्हटलं तर एवढा वेळ रस्त्यातच संपतो. म्हणून उपचार मूल पडलं तिथेच सुरू व्हायला हवा, आणि तो आई, आजोबा, खेळाचे सर किंवा शेजारच्या काकू यांनाच करावा लागतो.

आधी मूल, मग दात

रक्त पाहून सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे जातं. पहिलं मिनिट डोक्यासाठी ठेवा. मूल क्षणभर बेशुद्ध झालं होतं का, उलटी होतेय का, फार झोप येतेय किंवा असंबद्ध बोलतंय का, कानातून रक्त किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ काही येतंय का? जबडा मिटत नाही, दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नाहीत, असं आहे का? यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी दात तोंडात बसवायच्या फंदात पडू नका, तो नीट सांभाळून बरोबर घ्या. श्वास लागत असेल, एकसारखा खोकला येत असेल आणि दात किंवा त्याचा तुकडा सापडत नसेल, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शंका धरूनच चाला.

मूल शुद्धीत आहे, रडतंय, बोलतंय? मग त्याला बसवा, डोकं किंचित पुढे झुकवा म्हणजे रक्त घशात जाणार नाही. साध्या पाण्याने एकदा हलकेच चूळ भरू द्या. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापडाची घडी १० मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, तेवढ्याने गुठळी सुटते आणि रक्त नव्याने सुरू होतं. हळद, कॉफी पावडर, लवंगेचं तेल, यातलं काहीच जखमेत भरू नका. वरच्या ओठाच्या आतला, हिरडीला जोडणारा छोटा पडदा फाटला तर रक्त खूप दिसतं. दाबून थांबलं तर तो बहुधा टाक्यांशिवायच भरून येतो. नंतर ओठ ओढून ओढून बघू नका.

दात दुधाचा की कायमचा

पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. त्याच्या मुळाजवळच हाडात कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. दुधाचा दात परत आत ढकलला, तर त्या अंकुराला इजा होऊ शकते. कायमचा दात मात्र बसवायचाच.

वयावरून अंदाज येतो. ६ वर्षांखालच्या मुलाचे पुढचे दात जवळपास नेहमी दुधाचे असतात. खालचे मधले दोन कायमचे दात ६ ते ७ वर्षांच्या सुमाराला येतात, वरचे मधले दोन ७ ते ८, त्यांच्या बाजूचे ८ ते ९ या वयात. मधल्या काळात एकाच तोंडात दोन्ही प्रकार असतात आणि तिथेच गफलत होते. तेव्हा दाताकडे नीट बघा. दुधाचा दात लहान, दुधी पांढरा, त्याची कड गुळगुळीत. कायमचा दात अंगाने रुंद, रंगाने जरा पिवळसर आणि नवीनच आलेला असेल तर त्याच्या कडेला करवतीसारखे ३ बारीक उंचवटे. मूळ आहे म्हणजे कायमचाच, हा समज चुकीचा आहे. आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दाताचं मूळ झिजून गेलेलं असतं म्हणून तो नुसत्या टोपीसारखा दिसतो. २-३ वर्षांच्या मुलाचा मार लागून पडलेला दुधाचा दात मात्र चांगला मुळासकट येतो.

नक्की कळत नसेल तर तोंडात बसवू नका. दुधात ठेवा आणि दाखवायला न्या. आपल्याकडे पडलेला दात तुळशीत पुरायची किंवा छपरावर फेकायची पद्धत आहे. मार लागून पडलेला दात मात्र, दुधाचा असला तरी, डॉक्टरांना दाखवल्यावरच तुळशीकडे न्या. पूर्ण दात बाहेर आला की तुकडा आत राहिला, ते त्यावरून समजतं.

निखळलेला कायमचा दात बसवताना

दात शोधा आणि उचलताना फक्त तोंडात दिसणारा चकचकीत भाग दोन बोटांत धरा. मुळाला बोट लावू नका. मूळ फिकट पिवळं, निमुळतं असतं आणि त्यावर ओलसर गुलाबी धागे चिकटलेले दिसतात. ती घाण समजून लोक खरवडतात. खरवडू नका, दात वाचवायला तेच हवे आहेत.

माती लागली असेल तर थंड दुधात किंवा सलाइनमध्ये धरून हलकेच हलवा. दोन्ही नसेल तर नळाच्या मंद धारेखाली १० सेकंद धरा, त्याहून जास्त नाही. ब्रश, साबण, डेटॉल, स्पिरिट काहीही नको. मातीचा एखादा कण राहिला तरी चालेल, तो डॉक्टर काढतील.

मग मुलाला सांगा, "दात त्याच्या जागेवर परत ठेवते, थोडं दुखेल, पण पटकन होईल." दाताची फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. खळगीत मूळ ठेवून बोटाने सावकाश, एकसारखा दाब द्या, शेजारच्या दाताच्या ओळीत येईपर्यंत. अडतोय असं वाटलं तर जोर करू नका. थोडा बाहेर घ्या, दिशा बघा, पुन्हा ठेवा. एखाद मिलिमीटर वरखाली राहिला तरी हरकत नाही. बसल्यावर मुलाला स्वच्छ रुमालाची घडी हलकेच चावून धरायला सांगा आणि तसंच दवाखान्यात न्या. बहुतेक मोठी माणसं हा दाब द्यायला घाबरतात. ते समजण्यासारखं आहे, पण खळगी त्या वेळी बरीचशी बधिर असते आणि तुमच्या बोटाचा तो अर्धा मिनिट दाताला पुढची कित्येक वर्षं मिळवून देऊ शकतो.

मूल आकांत करतंय, खळगीच्या आसपास हाड तुटल्यासारखं दिसतंय किंवा तुमचाच हात थरथरतोय? मग दूध. मुलाला हृदयाचा गंभीर आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तरी दात स्वतः बसवू नका. दुधात ठेवून न्या, निर्णय डॉक्टरांवर सोडा.

दूध कसलं, किती

कोपऱ्यावरच्या दुकानातली सांचीची अर्ध्या लिटरची पिशवी पुरेशी आहे. झाकणाच्या डबीत दात बुडेल एवढं, साधारण अर्धी वाटी दूध घ्या. थंड हवं, साधं हवं. घरातलं तापवून गार झालेलं दूधही चालतं. गरम दूध, साखरेचं, केशर-बदाम घातलेलं, दही किंवा ताक अजिबात नको. टपरीवरून घ्यायचं झालं तर उकळत्या पातेल्यातलं नको, न फोडलेली पिशवी मागा.

पाण्यात का नाही? दुधातल्या क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवांच्या जवळचं असतं, म्हणून मुळावरच्या पेशी त्यात काही तास तग धरतात. साध्या पाण्यात त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. घरी केलेल्या मिठाच्या पाण्याचं प्रमाण कधीच नेमकं जमत नाही, तेही टाळा. औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्क्याचं सलाइन चालतं, पण दुधानंतर. यातलं काहीच जवळ नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. लहान मुलाच्या गालात दात धरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रडताना मूल तो गिळून टाकतं. सगळेच मार्ग संपले तर सुका ठेवण्यापेक्षा पाणी बरं.

मे महिन्यात इंदूरची लू वाहत असताना दात अंगणात पडला, तर तो बघता बघता सुकतो. डबीला बाहेरून बर्फ लावा, दुधात बर्फ टाकू नका.

तासाहून जास्त उशीर झाला तरी दात टाकू नका. पेशी मेल्या असल्या तरी वाढत्या वयात तिथलं हाड आणि जागा टिकावी म्हणून डॉक्टर तो बसवायचं ठरवू शकतात.

कुठे न्यायचं

ओळखीचे दातांचे डॉक्टर जवळ असतील तर आधी त्यांना फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील. मुलांच्या दातांचे तज्ज्ञ असतील तर उत्तमच, पण त्यांच्या शोधात तास घालवू नका. शहरात एमवायजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथली ओपीडी दिवसा असते. रात्री डोक्याचा किंवा जबड्याचा मार असेल तर एमवायची आकस्मिक चिकित्सा. जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवून सांगा: दात किती वाजता पडला, तो किती वेळ कोरडा होता आणि मुलाचं धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं. पहिली दोन उत्तरं उपचार ठरवतात.

दवाखान्यात एक्स-रे होतो, दात नीट जागेवर आणून बारीक लवचीक तारेने शेजारच्या दातांना २ आठवडे बांधतात, सहसा अँटिबायोटिक देतात. मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं असेल तर २ आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावं लागतं. हे चुकवू नका. दात घट्ट बसला, दुखत नाही, मग कशाला, असं म्हणून घरचे परत येत नाहीत आणि आतल्या मेलेल्या नसेमुळे मूळ हळूहळू विरघळून जातं. ७-८ वर्षांच्या मुलाचं मुळाचं टोक अजून उघडं असतं, तिथून रक्तपुरवठा पुन्हा जुळू शकतो, म्हणून तिथे डॉक्टर वाट बघतात. पुढे २ आठवडे, ४ आठवडे, ३ महिने, ६ महिने, १ वर्ष आणि मग निदान ५ वर्षं दरवर्षी तपासणी. दात हाडाशी कायमचा चिकटून गेला तर शेजारचे दात वाढताना तो मागे राहतो आणि आखूड दिसायला लागतो. हे फक्त नियमित तपासणीतच वेळेवर सापडतं.

दात तुटला

तुकडा शोधा. तो साध्या पाण्यात ठेवला तरी चालतो, कारण त्यावर वाचवायच्या पेशी नसतात. फक्त सुकू देऊ नका. नीट जुळत असेल तर डॉक्टर तो तसाच चिकटवतात आणि भरणापेक्षा तो चांगला दिसतो. तुकडा सापडत नाही आणि ओठ फाटून सुजलाय? तो ओठातच रुतलेला असू शकतो. ओठाचा एक्स-रे काढा असं स्वतःहून सांगा. वरून टाके घातले आणि तुकडा आत राहिला, असं होऊ देऊ नका.

तुटलेल्या जागेकडे उजेडात बघा. नुसती पांढरी कड उडाली असेल तर घाई नाही, एक-दोन दिवसांत दाखवा. आतला पिवळसर थर दिसत असेल, गार पाण्याने कळ येत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे, त्याच दिवशी जा. लहान मुलाच्या कायमच्या दातात उघडी पडलेली नस औषधाने झाकून जिवंत ठेवता येते, मग मूळ पुढे वाढत राहतं. त्यामुळे सरसकट रूट कॅनाल करायची घाई नको, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

हलला, सरकला, आत गेला

दात जागेवर आहे पण दुखतोय किंवा थोडा हलतोय, तर मऊ खाणं आणि तपासणी. बोटाने हलवून बघत राहायचं नाही. सरकून वाकडा झालेला कायमचा दात लवकर सरळ करून बांधावा लागतो, म्हणून त्याच दिवशी जा. दुधाचा दात वाकडा होऊन चावताना अडत असेल तरी लगेच दाखवा.

दुधाचा दात हिरडीत घुसून दिसेनासा होतो तेव्हा घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. तो ओढून काढायचा नसतो. बहुतेक वेळा तो पुढच्या काही महिन्यांत आपोआप खाली येतो. तो खरंच आत गेलाय की बाहेर पडून हरवलाय, हे एक्स-रेने पक्कं करून घ्या.

मार लागलेला दुधाचा दात काही आठवड्यांनी करडा पडू शकतो. नुसत्या रंगामुळे तो काढायची गरज नसते. हिरडीवर पुळी, पू, सूज किंवा हिरडी दाबल्यावर दुखणं दिसलं तर मात्र थांबू नका.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, तेव्हा एका चमच्यात किती मिलिग्रॅम आहे ते बाटलीवर वाचूनच द्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

पुढचे २ आठवडे मऊ खाणं: मुगाची खिचडी, दही-भात, दलिया, भुट्ट्याचा कीस. पोहेही चालतील, पण शेव न घालता, आणि इंदूरच्या मुलाला हे पटवणं सोपं नाही, म्हणून तोपर्यंत शेवेचा डबा नजरेआड ठेवा. कणीस, पेरू, चिक्की, कचोरी बंद. दात घासणं मात्र बंद करू नका. मऊ ब्रशने प्रत्येक जेवणानंतर हलकेच घासा. दुखतं म्हणून तिथली जागा तशीच ठेवली की हिरडी सुजते आणि बरं व्हायला वेळ लागतो.

हे होऊ नये म्हणून

चालायला शिकणारं मूल आणि ओली कोटा फरशी, दुधाच्या दातांचे अपघात इथे होतात. पुसलेली फरशी सुकेपर्यंत बाळाला उचलून घ्या, मोज्यांवर धावू देऊ नका, ब्रश किंवा चमचा तोंडात धरून फिरू देऊ नका. जुना लाकडी पांगुळगाडा मूल मागून ढकलत चालायचं. आजचा प्लास्टिकचा वॉकर मुलाला आत बसवून वेगाने पळवतो आणि जिना आला की उलटतो. तो घरात नसलेलाच बरा.

स्कूटरवर मुलाला पुढे उभं करणं सोडा. ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर आपटतं, कारण त्याची उंची नेमकी तेवढीच असते. शाळेत स्टीलच्या बाटलीला तोंड लावून पाणी पिताना मागून बसलेला धक्का हे पुढचे दात तुटण्याचं असंच दुर्लक्षित कारण आहे. पेल्यात ओतून किंवा बसून पिण्याची सवय लावा. संक्रांतीला मालव्यात पतंगाबरोबर गिल्ली-डंडा रंगतो. गिल्ली उडते त्या बाजूला बघ्या मुलांना उभं राहू देऊ नका, आणि मांजा दाताने तोडायचा नाही हे आधीच सांगून ठेवा.

मलखांब २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे आणि आपली कितीतरी मुलं तो शिकतात. खाली जाड गादी आणि बाजूला जाणतं माणूस, याशिवाय सराव नको. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आखाड्यांबरोबर लाठी फिरवणाऱ्या मुलांना, आणि कबड्डी, हॉकी, स्केटिंग, बॉक्सिंग खेळणाऱ्यांना माउथगार्ड द्या. वरचे दात बरेच पुढे असतील आणि ओठ सहज मिटत नसतील तर मार लागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. अशा मुलाला खेळाच्या आधी दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

दुकानात तयार मिळणारा माउथगार्ड ढिला बसतो, तो सांभाळायला मूल दात आवळून धरतं आणि शेवटी काढून खिशात टाकतं. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा त्याहून बरा. दातांचं माप घेऊन दवाखान्यात बनवलेला सगळ्यात चांगला: तो लावून मूल नीट बोलू शकतं, श्वास घेऊ शकतं, म्हणून घालतंही. दात अजून येत असलेल्या वयात तो दर ६ ते १२ महिन्यांनी तपासा, कारण नवीन दात आला की जुना बसत नाही. रोज थंड पाण्याने धुऊन भोकांच्या डबीत ठेवा. गरम पाणी नको, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत विसरू नका: मऊ होऊन त्याचा आकार बिघडतो आणि पुढच्या सामन्यात तो सुटून तोंडाबाहेर पडतो.